सात पिढ्यांचे तेल

दहा कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वराला यायला उशीर झाला, साऱ्याच जणी पेंगल्या, साऱ्याच झोपी गेल्या. मध्यरात्री हाक आली तेव्हा पाचजणींच्या जवळ तेल होते आणि पाचजणींच्या जवळ नव्हते. हा दाखला वाचताना एक बारकावा सहसा नजरेतून निसटतो. शहाण्या कुमारीही झोपल्याच होत्या आणि प्रभूने त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही. तेव्हा ख्रिस्ती माणसाची आध्यात्मिक सज्जता ही अहोरात्र डोळ्यांत तेल घालून बसण्याची गोष्ट नसावी. डोळ्यांत तेल घालणाऱ्याचेही डोळे कधी ना कधी मिटतात. दिव्यासाठी कुपीत तेल भरून ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. ती दिवसाउजेडी, घरकामाच्या रगाड्यात करायची असते.

हे तेल म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर धर्मज्ञांच्या ग्रंथांत मिळते तसे ते सामान्य माणसांच्या इतिहासातही मिळते. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जपानमधील नागासाकीच्या परिसरात काही हजार शेतकरी आणि कोळी कुटुंबे धर्मगुरूंविना, मंदिराविना आणि मिस्साबलिदानाविना ख्रिस्ती राहिली. त्यांची कहाणी आपल्याला परकी नाही. तिची सुरुवात गोव्याच्या बंदरातून होते आणि तिच्यात वसईच्या एका सुपुत्राचे रक्त मिसळलेले आहे.

गोव्याहून निघालेली वाट

अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ मलाक्कामार्गे गोव्यात आला आणि १५४८ साली तेथे त्याचा स्नानसंस्कार झाला. ‘पावलो दे सांता फे’ हे त्याचे नवे नाव. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात त्याने धर्मशिक्षण घेतले. पुढल्याच वर्षी संत फ्रान्सिस झेवियर त्याला सोबत घेऊन जपानकडे निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, कागोशिमा बंदरात उतरले. त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत जपानी ख्रिस्ती लोकांची संख्या अंदाजे तीन लाखांवर गेली.

याच काळात वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात पोहोचला. त्याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेसुइट फादरांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा ऐन पौगंडावस्थेत त्यांच्यासोबत जपानला गेला, तेथील भाषा अस्खलित शिकला आणि धर्मशिक्षक म्हणून राबला. पुढे त्याने काही वर्षे व्यापार केला. मग मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाष्या या नात्याने पुन्हा जपानात आला. धर्मशिक्षक, व्यापारी, दुभाष्या अशी ही साधी, कष्टाची कामे. वेदीवर उभे राहण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता; दुसऱ्याचे शब्द नीट समजून घेणे आणि प्रामाणिकपणे पुढे पोहोचवणे, एवढीच त्याची सेवा होती.

सत्ताधीश हिदेयोशीची मर्जी फिरली. १५९६ च्या डिसेंबरात धरपकड झाली. क्योतो शहरात बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि भर थंडीत, सुमारे महिनाभराच्या प्रवासाने त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन व तीन जेसुइट होते. उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक होते. सर्वांत धाकटा लुइस इबाराकी बारा वर्षांचा होता. या सर्वांना १६२७ साली धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी संत घोषित करण्यात आले. हे १८६२ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

चहूबाजूंचे कुंपण

रक्तसाक्षींच्या कथा आपण भक्तिभावाने वाचतो. परंतु एका दिवसाच्या मरणानंतर मागे राहिलेल्यांना जे हजारो दिवस जगावे लागतात, त्यांची कथा क्वचितच सांगितली जाते. १६१४ साली तोकुगावा राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले, मंदिरे पाडली. १६३७-३८ मध्ये करांच्या व छळाच्या ओझ्याखाली पिचलेल्या शिमाबारा भागातील शेतकऱ्यांचा उठाव चिरडला गेला आणि १६३९ साली पोर्तुगीज जहाजांना दारे बंद झाली. देशात उरलेले अखेरचे जपानी धर्मगुरू, फादर मान्सियो कोनिशी, १६४४ साली मारले गेले. त्यानंतर वेदीशी उभे राहणारे कोणी उरले नाही.

राजवटीची व्यवस्था चोख होती. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मठात नाव नोंदवावे लागे. पाच-पाच घरांचे गट केलेले असत. एका घरात ख्रिस्ती सापडला तर उरलेली चार घरेही शिक्षेस पात्र ठरत. नागासाकीत दरवर्षी नववर्षाच्या सुरुवातीस ‘फुमि-ए’चा विधी असे. ख्रिस्ताची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवली जाई आणि प्रत्येकाने, मग तो म्हातारा असो की पोर, तिच्यावर पाय द्यायचा. ही प्रथा दोनशेहून अधिक वर्षे चालली.

चौकाचौकांत बक्षिसांचे फलक असत. १७११ सालच्या फलकावर पाद्र्याची खबर देणाऱ्यास चांदीची ५०० नाणी आणि धर्मबंधूची खबर देणाऱ्यास ३०० नाणी जाहीर केली होती. त्यांच्या खालोखाल आणखी एक वर्ग नोंदवलेला होता. एकदा धर्म सोडल्याचे सांगून पुन्हा त्याकडे वळलेला माणूस, ‘ताचिकाएरी’, म्हणजे परतलेला. त्याच्या डोक्यावरही ३०० नाणीच लावलेली होती. राज्यकर्त्यांना माणसे चांगली कळत होती. जो कधीच पडला नाही अशा वीराइतकीच, जो पडून पुन्हा उठतो त्या सामान्य माणसाची धास्ती त्यांना वाटत होती.

तीन सेवक आणि एक प्रार्थना

या कुंपणाच्या आत श्रद्धा टिकली कशी? मिशनरी असतानाच गावोगावी प्रापंचिकांचे बंधुसंघ स्थापन झाले होते. रुग्णसेवा, मृतांचे दफन, प्रार्थना ही त्यांची कामे. धर्मगुरू गेले, पण या संघांचा सांगाडा उरला. नागासाकीजवळच्या उराकामी गावात त्यातून तीन जबाबदाऱ्या आकाराला आल्या. ‘चोकाता’ हा पंचांग सांभाळणारा. कोणता सण कोणत्या दिवशी येतो हे तो ठरवी. ‘मिझुकाता’ म्हणजे पाण्याचा माणूस. तो बालकांना बाप्तिस्मा देई. ‘किकियाकु’ हा निरोप्या; चोकाताकडून कळलेले सण आणि प्रार्थना तो घरोघरी पोहोचवी. हे सारे शेतात राबणारे लोक होते.

पंचांगाचे महत्त्व आपल्याला चटकन जाणवणार नाही, कारण आपल्याकडे ते भिंतीवर टांगलेले असते. बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाने १६३४ सालचे उपासना-वर्ष जपानी कालगणनेत बसवून दिले, असे परंपरा सांगते. त्या पंचांगावरून कुटुंबाला कळे की आज नाताळ आहे, आज उपवासकाळ सुरू झाला आहे, आज शेतात जायचे नाही, आज सुई हाती धरायची नाही. शेजाऱ्याला काही दिसत नसे. एका स्त्रीने एक दिवस शिवणकाम बाजूला ठेवले, यात कोणाला काय वावगे दिसावे? पण त्या घरापुरता तो दिवस प्रभूचा झालेला असे.

प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. लॅटिन ‘ओरात्सिओ’चे हे जपानी रूप. बहुतेक ठिकाणी त्या तोंडपाठ चालत आणि बापाकडून मुलाकडे जात. कालांतराने लॅटिन शब्दांचा अर्थ हरपला, उच्चार बदलत गेले. तरी इकित्सुकी बेटावरच्या अशाच एका गाण्याचे मूळ संगीताचे अभ्यासक तात्सुओ मिनागावा यांनी विसाव्या शतकात एका जुन्या लॅटिन मरियास्तोत्रात शोधून दाखवले. घरातील देव्हाऱ्यात चिनी मातीची कान्नोन देवीची शुभ्र मूर्ती असे. घरची माणसे तिच्यापुढे मरियामातेचे नाव घेत. घरात मृत्यू झाला की नोंदणीच्या मठातील भिक्षू येऊन सूत्रपठण करी. त्याच वेळी शेजारच्या खोलीत आप्तेष्ट हलक्या आवाजात आपल्या प्रार्थना म्हणत.

मात्र या साऱ्याच्या गाभ्याशी एक वेगळीच प्रार्थना होती, आणि आमच्या मते तेलाची कुपी तीच. १६०३ साली, बंदीच्या आधीच, जपानमधील मिशनने ‘कोन्चिरिसान नो र्याकु’ ही पुस्तिका तयार केली होती. ‘कोन्चिरिसान’ म्हणजे पोर्तुगीजमधील ‘कोन्त्रिसांव’, संपूर्ण पश्चात्ताप. धर्मगुरू मिळणे अशक्य असेल तेव्हा पापी माणसाने देवाच्या प्रेमाखातर मनापासून पश्चात्ताप करावा आणि धर्मगुरू भेटताच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा, म्हणजे देव त्याला क्षमा करतो, ही तिची शिकवण. त्रेंत धर्मपरिषदेने १५५१ साली जे शिकवले होते, तेच येथे शेतकऱ्याच्या भाषेत उतरले होते. पुस्तिकेच्या हस्तलिखित नकला लपवून जपल्या गेल्या. त्यातील प्रार्थना मुखोद्गत झाली.

आता त्या वर्षारंभाच्या दिवसाची कल्पना करावी. कुटुंब रांगेत उभे राहते, प्रतिमेवर पाय ठेवते आणि घरी येते. घरी आल्यावर दार लावून ते कोन्चिरिसानची प्रार्थना म्हणते. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. हे ढोंग होते काय, असा प्रश्न कोणी विचारील. निशिझाकाच्या टेकडीवरील सव्वीस जणांनी असे पाऊल टाकले नसते आणि ख्रिस्तसभा त्यांनाच वेदीवर बसवते, हे खरे आहे. पाय ठेवणे योग्य होते असे त्या कुटुंबांनाही वाटत नव्हते. वाटत असते तर पश्चात्तापाची प्रार्थना जपण्याचे कारणच उरले नसते. वर्षानुवर्षे सवयीने पाप पाप वाटेनासे होते, हा मनुष्यस्वभाव आहे. दोनशे वर्षे तीच कृती करूनही ती पापच वाटत राहावी, इतकी त्यांची सदसद्विवेकबुद्धी कशाने जागी ठेवली? त्या रात्रीच्या प्रार्थनेने. पडल्यावर घराकडे येणारी वाट त्यांनी कधी बुजू दिली नाही.

बास्तियानच्या नावाने एक भाकीतही पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई : सात पिढ्या लोटतील, मग मोठ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे फादर येतील आणि आठवड्या-आठवड्याला त्यांच्याकडे जाता येईल. ते लोक सत्ता, संपत्ती वा सूड यांची वाट पाहत नव्हते. प्रायश्चित्त संस्काराची वाट पाहत होते.

दुःखकाळाचा सतरावा दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जपानची बंदरे परदेशीयांना खुली झाली. परदेशी रहिवाशांसाठी पॅरिसच्या मिशनरी संघाच्या फादरांनी नागासाकीत ओउरा येथे मंदिर बांधले. १८६२ साली संतपदी पोहोचलेल्या त्या सव्वीस रक्तसाक्षींनाच ते अर्पण करण्यात आले. निशिझाकाच्या दिशेने तोंड करून उभे असलेले हे मंदिर फेब्रुवारी १८६५ मध्ये खुले झाले. वसईचा गोन्सालो असा पुन्हा एकदा आपल्या जपानी बांधवांच्या दाराशी येऊन उभा राहिला, असे म्हणावेसे वाटते.

१७ मार्च १८६५, शुक्रवार. दुपारच्या सुमारास उराकामीचे दहा-पंधरा स्त्री-पुरुष मंदिराच्या दाराशी आले. फादर बर्नार प्तीजाँ यांनी त्यांना आत घेतले आणि वेदीपुढे गुडघे टेकून प्रार्थना केली. तेवढ्यात त्या गटातील एक स्त्री जवळ आली आणि हलकेच म्हणाली की आम्हा सर्वांचे अंतःकरण आपल्या अंतःकरणासारखेच आहे. मग तिने विचारले की सांता मारियाची मूर्ती कोठे आहे. बाळ येशूला हातावर घेतलेली माता दिसताच ते सारे हरखून गेले.

हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. त्यातील एक तपशील मात्र आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या लोकांनी फादरांना सांगितले की सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे. आपणही तो पाळता काय? वाचकांनी हिशेब करून पाहावा. १८६५ साली राखेचा बुधवार १ मार्चला आला होता. १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस. रोमपासून हजारो मैलांवर, दोनशेहून अधिक वर्षे कोणत्याही महागुरुस्वामींचे पत्र न पोहोचलेल्या खेड्यातील शेतकऱ्यांची तिथी जागतिक ख्रिस्तसभेच्या तिथीशी एका दिवसानेही चुकली नव्हती. वर आला तेव्हा दिवे तयार होते, ते असे.

त्यानंतर गावोगावीचे आणखी लोक येऊ लागले. पोप महोदयांविषयी आणि फादरांच्या ब्रह्मचर्याविषयी त्यांनी बारकाईने चौकशी केली. आपल्या पूर्वजांचे धर्मगुरू ते हेच, याची खात्री करून घेतली. परंपरा त्यांनी आंधळेपणाने जपली नव्हती. काय पारखायचे हेही जपले होते. सारेच परतले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कित्येकांना वाडवडिलांच्या रीतीच अधिक जवळच्या वाटल्या आणि ते आपल्या वाटेने वेगळे राहिले.

परतणाऱ्यांचे गाव

बंदी मात्र अजून उठली नव्हती. उराकामीच्या लोकांनी मठाच्या भिक्षूंकडून अंत्यविधी करून घेण्यास उघड नकार दिला आणि १८६७ च्या जुलैत पोलिसांनी रात्री धाड घालून डझनावारी लोक पकडले. छळापुढे बहुतेकांनी धर्म सोडल्याचे मान्य केले. सेनएमोन ताकागी नावाचा गृहस्थ तेवढा अढळ राहिला. इतिहास एवढ्यावर थांबला असता तर ती एका वीराची आणि अनेक दुबळ्यांची कथा झाली असती. परंतु सुटून घरी आलेल्यांपैकी अनेकांना घरी चैन पडेना. ते आपण होऊन गावच्या मुखियाकडे गेले आणि आपला नकार आपण मागे घेत आहोत असे त्यांनी सांगितले. दोन शतके ज्यांनी ही वाट रात्रीच्या अंधारात, बंद दाराआड चालण्याचा सराव केला होता, त्यांची नातवंडे-पणतवंडे आता ती भरदिवसा, सर्वांदेखत चालली.

१८६८ पासून उराकामीचे ३,३०० हून अधिक लोक कुटुंबांची ताटातूट करून देशभर विखरून टाकण्यात आले. त्यांतील सहाशेहून अधिक हद्दपारीतच मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले घरी आले. हद्दपारीच्या त्या वर्षांना ते साधेपणाने ‘प्रवास’ म्हणत. १८८० साली त्यांनी गावच्या मुखियाचा जुना वाडा विकत घेतला. त्यांच्या वाडवडिलांना जेथे प्रतिमेवर पाय ठेवावा लागे तीच ही जागा. तेथे मंदिर उभारण्याचे काम पोटाला चिमटा घेऊन वर्षानुवर्षे चालले आणि १९१४ साली मंदिर पुरे झाले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी याच मंदिरापासून जवळच अणुबॉम्ब फुटला. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी अंदाजे ८,५०० जण मरण पावले. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता. त्याच्या तयारीसाठी मंदिरात दोन फादर पापनिवेदन ऐकत होते आणि भाविक आपल्या पाळीची वाट पाहत होते. ज्या संस्काराची सात पिढ्यांनी वाट पाहिली, त्याच्या दाराशीच त्यांना मरण आले. या घटनेला काही गोड अर्थ लावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू की मरणाची कोणतीही चाहूल नसताना, एका साध्या गुरुवारी, ती माणसे करू नये असे काहीच करत नव्हती.

आपल्या घरातील कुपी

आपल्या पूर्वजांनाही थोडक्या काळासाठी अशा कसोटीची झळ लागली होती. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली आणि पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. जपानसारखा छळ येथे झाला नाही. तरीही जुना आधार एकाएकी गेला, आणि स्थानिक धर्मगुरू व घरोघरच्या प्रार्थना यांच्या बळावर श्रद्धा तगली. आज देवकृपेने आपल्याला कशाची वाण नाही. हाकेच्या अंतरावर मंदिर आहे, रविवारी दोन-तीन मिस्सा आहेत, शनिवारी पापनिवेदनासाठी फादर बसलेले असतात. ही समृद्धीच आपल्याला गाफील तर करत नाही ना? तेल आपल्या कुपीत आहे की केवळ दुकान जवळ आहे, हे कधीतरी तपासून पाहायला हवे. दाखल्यातील मूर्ख कुमारीही दुकानाच्या भरवशावरच होत्या.

उराकामीच्या तीन सेवकांची कामे आज आपल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी करू शकेल. घरात कोणीतरी पंचांग सांभाळावे; आज उपासना-वर्षातील कोणता दिवस आहे हे मुलांना जेवणाच्या ताटावर कळावे. प्रसंग पडल्यास मरणोन्मुख बालकाला पाणी घालून बाप्तिस्मा देण्याचा अधिकार आणि त्याचे शब्द घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावेत. आजीच्या तोंडच्या प्रार्थना नातवापर्यंत पोहोचवणारा निरोप्या घरोघरी असावा. त्यासाठी टीव्ही आणि मोबाइल अर्धा तास मुके झाले तर काही बिघडत नाही.

आणि या तिन्हींहून महत्त्वाची ती रात्रीची प्रार्थना. आपल्यापुढे जमिनीवर कोणी प्रतिमा ठेवत नाही, पण पाय ठेवण्याचे प्रसंग रोज येतात : दुकानात वजनमापाच्या वेळी, कचेरीत सही करताना, जमिनीच्या वाटणीत भावाशी बोलताना, सुनेशी वा सासूशी वागताना. पाय पडतो. दिवसाअखेर दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना मनापासून म्हणणारा माणूस आणि ती न म्हणता झोपणारा माणूस, दोघेही झोपतातच. मध्यरात्री हाक येईल तेव्हा मात्र एकाला घराकडे येणारी वाट पायाखालची असेल. नागासाकीच्या शेतकऱ्यांनी दोनशे वर्षे जपले ते हेच तेल. ते उसने मिळत नाही. पण रोज रात्री थोडे थोडे भरता येते, आणि आज रात्रीही भरता येईल.